चौदावं पाणी

सातपाणी बाईंना बूड टेकून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा त्या उभ्यानं प्यायच्या, डबा फिरत फिरत खायच्या, आणि कुणी खुर्ची पुढे केलीच तर तिच्यावर पिशवी ठेवून मोकळ्या व्हायच्या. घरी नवरा म्हणायचा, "आपल्याकडे खुर्च्या चार. एकीवर मी बसतो, तिघींवर हिचे धुतलेले कपडे बसतात." नवरा बसगाडीचा चालक होता, तीस वर्षं बसून काढलेली, त्यामुळे बसण्यातलं त्याला कळत होतं.

बाईंची नोकरी गवताची. म्हणजे गवत कापायची नव्हे, गवतातून साखर काढायची. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, हे माहीत असल्यामुळे बाईंनी समजावून सांगायची एक ठरीव पद्धत केली होती. काडीत साखर असते, पण कडीकुलपात असते. लिग्निन नावाचा एक चिवट डिंक तिला चहूकडून आवळून बसलेला असतो. तेव्हा गवत आधी वाळवायचं, दळून कण्यांएवढं करायचं आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालून दाबाच्या हंड्यात शिजवायचं. डिंक सुटतो, पाणी काळंकुट्ट होतं आणि मागे उरतो तो पिवळट लगदा. या लगद्यात एन्झाइम घातले, की तीन दिवसांत ते त्याची साखर करतात. पण एन्झाइम म्हणजे महा नाजूक प्रकरण. लगद्यात सोडा राहिला तर ते जागच्या जागी मान टाकतात. म्हणून मधे लगदा धुवायचा. आणि धुणं म्हणजे बाई.

बाविसाव्या वर्षी त्या या प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळायला लागल्या, आता सत्तावन्नाव्या वर्षी लगद्याचं सगळं खातं त्यांच्याकडे होतं. कापडात लगदा घ्यायचा, पाणी सोडायचं, ढवळायचं, पिळायचं. हे एक पाणी. मग दुसरं. प्रत्येक पाण्यानंतर त्या उजव्या हाताचा हातमोजा काढून अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूटभर लगदा चोळून बघायच्या. सोडा असेल तर बोटाखाली बुळबुळीत लागतं, सोडा गेला की चरचरीत. जुन्या, जहाल सोड्याच्या कृतीला बरोबर सातव्या पाण्याला बोट चरचरायचं. मग त्या वहीत "पाणी : ७" असं लिहायच्या आणि उपचार म्हणून रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवायच्या. पट्टीनं कधी बाईंच्या बोटाला खोटं पाडलं नाही. सोडा मापायचं यंत्र होतं, पण त्याच्या काचेच्या टोकाला लगदा चिकटायचा आणि ते महिन्यातून तीनदा रुसायचं. "माझं बोट एकदाही दुरुस्तीला गेलं नाही," असं बाई आल्यागेल्याला सांगत. तोंडावर त्या बाई होत्या, पाठीमागे सातपाणी, आणि पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. आवडतही होतं.

मग एका सोमवारी हजेरीचं यंत्र आलं.

दारातच भिंतीवर बसवलेली काळी डबी. अंगठा ठेवा, हिरवा दिवा लागला की आत जा. सगळ्यांचे अंगठे घेतले, सगळ्यांना दिवा लागला. बाईंच्या अंगठ्याला लाल.

"पुसून ठेवा," कारकून म्हणाला.

बाईंनी पुसून ठेवला. लाल.

"डावा ठेवा. मधलं बोट ठेवा. जरा दाबून. जरा हलकं." रांगेतले लोक घड्याळं बघायला लागले. कारकुनानं शेवटी बाईंचा हात उताणा करून उजेडात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत हो! सोड्यानं सगळं खाऊन टाकलंय. यंत्राच्या हिशेबी तुम्हाला बोटंच नाहीत."

लोक हसले, बाईही हसल्या. पण दिवसभर त्या आपली बोटं एकमेकांवर चोळत राहिल्या. खरंच, गुळगुळीत होती. बोटच गुळगुळीत झालं असेल तर त्याला दुसऱ्याचा बुळबुळीतपणा काय कळणार? कुठला तरी किडा डोक्यात शिरावा तसा हा विचार शिरला, आणि बाईंच्या डोक्यात शिरलेला किडा सहसा बाहेर पडत नसे. घरी त्यांनी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून बघितलं, साध्या पाण्यात बुडवून बघितलं, डोळे मिटून बघितलं. नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुम्ही वाट्या अदलाबदल करा, मी ओळखते."

त्यानं तीनदा अदलाबदल केली. तिन्ही वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. "झालं समाधान?" त्यानं विचारलं.

"तुम्ही मला दिसेल अशी केलीत," बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, डॉक्टरीणबाईंचा तिसरा घाणा होता.

डॉक्टरीणबाई म्हणजे औषधं देणारी नव्हे. गवतावर डॉक्टर झालेली, एकतीस वर्षांची, चष्मा कपाळावर ठेवून तोच दिवसभर शोधणारी मुलगी. तिनं एक नवी कृती बसवली होती. सोडा निम्मा, आच कमी, साखर तेवढीच. साहेबांचा, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, सगळा जन्म जहाल सोड्यात गेला होता, त्यामुळे त्यांना ही कृती म्हणजे पोरखेळ वाटायचा. तरी त्यांनी संधी दिली होती: तीन घाणे सारखे आले तर समिती मोठ्या हंड्यासाठी ही कृती घेईल. नाही आले तर जुनीच चालू राहील, आणि कृतीबरोबर डॉक्टरीणबाईंची कराराची नोकरीही संपेल. पहिल्या घाण्याला गवतातली एकोणऐंशी टक्के साखर सुटली, दुसऱ्याला ऐंशी. आता हा तिसरा.

सकाळी दारातल्या यंत्रानं पुन्हा लाल दिवा दाखवला. बाई वर आल्या त्या हात झाडतच. दोन किलो गवताचा लगदा कापडात घेतला आणि पहिलं पाणी सोडलं.

चौथ्या पाण्याला बोट चरचरलं. यात नवल नव्हतं. सोडाच निम्मा होता, मागच्या दोन घाण्यांनाही चौथ्यालाच चरचरलं होतं. पण बाईंचा रिवाज सातचा, त्यांनी सात पूर्ण केली. एरवी इथं त्या नळ बंद करायच्या. आज अंगठ्याकडे बघितलं आणि मनात आलं, हे चरचरतंय की मला तसं वाटतंय? पट्टी बुडवली. तिनं नेमका हवा तो हिरवा रंग दाखवला. बाईंनी पट्ट्यांची डबी उलटून तारीख बघितली, तर मुदत मागच्या महिन्यात सरलेली. झालं! आता पट्टीवरही भरवसा उरला नाही. एक पाणी आणखी, त्या स्वतःशी म्हणाल्या. मग आणखी एक. प्रत्येक पाण्याला त्या जास्तच जोर लावून पिळत होत्या, खांदे भरून आले, कापडातून गढूळ पाणी गळत होतं आणि बाई मनात एकच घोकत होत्या, माझ्यामुळे त्या पोरीचे एन्झाइम मरता कामा नयेत. चौदाव्या पाण्याला हातच चालेनात तेव्हा थांबल्या.

मग वही उघडली. रकाना समोर होता. "पाणी :" आणि पुढे रिकामी जागा.

चौदा लिहिलं तर विचारतील, का? मग काय सांगायचं, की पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सातपाणीला स्वतःच्या बोटाचं खरं वाटेना? कारकून हसला तसे सगळे हसतील. बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि सात लिहिलं. सही केली. सही मात्र नेहमीसारखीच वळणदार आली.

पुढच्या सोमवारी आकडा आला: चौसष्ट.

डॉक्टरीणबाईनं तो तीनदा तपासला. मग लगद्याची नोंद काढली. पहिल्या दोन घाण्यांना शंभर ग्रॅम गवतामागे सहासष्ट ग्रॅम लगदा उरला होता, या वेळी चोपन्नच. ती खुर्चीत मागे रेलली आणि बाईंना म्हणाली, "बाई, माझा सोडाच जास्त पडला असणार. डिंकाबरोबर साखरेचा भागही खाऊन टाकला त्यानं. नाहीतर बारा ग्रॅम जातील कुठं? धुणं तर नेहमीचंच आहे, सात पाणी."

"हो," बाई म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस बाईंच्या पायाला भिंगरी लागली. डॉक्टरीणबाई तराजू तपासत होती, सोड्याच्या बाटल्या पुन्हा पुन्हा मापत होती, स्वतःचीच जुनी टिपणं लाल शाईनं खोडत होती, आणि बाई तिच्या अवतीभवती धुतलेली भांडी पुन्हा धूत फिरत होत्या. साहेब दारातून डोकावले, "काय, घसरलं का गाडं?" एवढंच विचारून गेले. बोलण्यात खोट नव्हती, पण सुरात होती. ती मुलगी नुसती चष्मा शोधायला लागली, आणि चष्मा कपाळावरच होता. एरवी बाईंनी तिची टिंगल केली असती. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे बघायचंही टाळलं.

बारा ग्रॅम जातील कुठं? हा प्रश्न बाईंच्या मागेच लागला होता. घरी पातेलं विसळताना त्यांनी पाणी ओतलं आणि तळाशी बसलेला बारीक गाळ पाण्याबरोबर निघून गेला. बाई पातेलं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"अहो, मी धुतलं नाही. मी ओतून दिलं."

"काय ओतून दिलंस?"

बाईंनी सगळं सांगितलं. दिवा, पट्टी, चौदा पाणी, वहीतले सात. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तू सांगितलं नाहीस तर?"

"तर कृती वाईट ठरेल. पोर घरी जाईल."

"आणि सांगितलंस तर?"

"वहीत खोटं लिहिलंय मी. त्याला आमच्याकडे माफी नसते. एका मुलाला एवढ्यासाठी काढलं होतं, मीच साहेबांना म्हटलं होतं, बरोबर केलंत." बाई ओट्यापासून दारापर्यंत गेल्या, दारापासून ओट्यापर्यंत आल्या. "दीड वर्ष राहिलंय माझ्या निवृत्तीला. दीड वर्ष! सातपाणी म्हणून गेले असते."

"अगं, जरा बस ना," तो म्हणाला, आणि तिघींपैकी एका खुर्चीवरचे कपडे उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले. बाई बसल्या नाहीत.

बुधवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. धुण्याच्या हौदाखाली एक गाळटाकी होती. धुतलेलं पाणी तिच्यात थांबायचं, आम्ल घालून त्यातला सोडा मारला की मग पुढे जायचं. ती महिन्याच्या पहिल्या तारखेला साफ झाली होती आणि त्यानंतर फक्त तिसरा घाणा धुतला होता. बाईंनी गुडघे टेकून झाकण उघडलं, वरचं पाणी काढलं. तळाशी मऊ, फिक्कट साका बसला होता. पिठासारखा बारीक. कापडाच्या विणीतून जेवढं बारीक निघेल तेवढं चौदा पाण्यांनी आणि त्यांच्या दोन हातांनी पिळून बाहेर काढलं होतं. आणि बारीक म्हणजेच एन्झाइमना सगळ्यात लवकर पचणारं. बाईंनी सगळं गोळा केलं, थोडं वाळवून वजनावरून हिशेब मांडला. शंभरामागे अकरा ग्रॅम आणि वर थोडं. उरलेल्यातलं चमचाभर बाटलीत घालून एन्झाइम टाकले आणि बाटली पन्नास अंशांच्या हलत्या डब्यात बसवली. चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं.

तीन दिवस ती बाटली हलत होती आणि बाई तिच्यासमोरून जात-येत होत्या. शनिवारी सकाळी आकडा काढला. साका जवळजवळ सगळाच्या सगळा साखर झाला होता.

डॉक्टरीणबाई खिडकीपाशी समितीला द्यायचं टिपण लिहीत बसली होती. वरची ओळ बाईंना दिसली: "कृतीत सोड्याचे प्रमाण अनिश्चित ठरते." बाईंनी बाटली आणि वही तिच्यापुढे ठेवली.

"सोडा बरोबर होता तुमचा," त्या म्हणाल्या. "लगदा मी घालवला. सात नाही, चौदा पाणी दिली. वहीत सात खोटं लिहिलंय. हा गाळटाकीतला साका. वजन केलंय, साखर काढलीये, आकडा चिठ्ठीवर आहे."

ती मुलगी चिठ्ठी वाचत राहिली. वाचताना तिचे कान लाल होत गेले. "बाई, सोमवारपासून मी स्वतःला शिव्या देतेय. तुमच्यासमोर! तुम्ही बघत होतात. काल आईला फोन करून सांगितलं मी, की सामान बांधायला ये."

"हो."

"हो काय, हो? तुमच्या सहीवर मी डोळे मिटून विसंबते. दुसरा कुणी असता तर पहिलं धुणंच तपासलं असतं मी."

मनातून बाईंना वाटत होतं, हिनं आणखी बोलावं, ओरडावं, वही फेकावी. पण ती थांबली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "बोटाला कितव्या पाण्याला कळलं होतं?"

"चौथ्या."

"आणि पट्टीला?"

"सातव्याला बुडवली. तेव्हा हिरवी होती."

"म्हणजे बोट बरोबर होतं की!"

"होतं," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्यांचा आवाज फुटला. "दारातल्या त्या डबीनं सांगितलं, तुला बोटंच नाहीत. आणि मी तिचं ऐकलं हो. पस्तीस वर्षं ज्याच्या जिवावर काढली त्याचं नाही ऐकलं."

वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरा आकडा आणि सही. बाईंनी सातावर रेघ मारली, चौदा लिहिलं. या वेळी सही वेडीवाकडी आली. मग दोघी साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बाईंना त्यांनी बसायला सांगितलं नाही, आणि बाईंना ते पहिल्यांदाच खटकलं. नोकरी राहिली, कारण स्वतः येऊन सांगितलं होतं. पण लेखी ताकीद मिळाली आणि शिवाय एक हुकूम: यापुढे बाईंच्या प्रत्येक नोंदीखाली दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल. पस्तीस वर्षांत तसं कधी लागलं नव्हतं. तिसरा घाणा रद्द झाला. समिती गुरुवारी होती. तोवर नवा घाणा आणता आला तर आणा, असं म्हणून साहेबांनी दुसरी फाइल ओढली.

हंडा त्याच दुपारी चढला. संध्याकाळपर्यंत लगदा कापडात आला. डॉक्टरीणबाई वही घेऊन हौदाशेजारी उभी राहिली, कारण आता सही तिची लागणार होती. दोघींत फारसं बोलणं नव्हतं. राग अजून गेलेला नव्हता, आणि बाईंना तो जायला नकोही होता इतक्या लवकर.

पहिलं पाणी. बुळबुळीत. दुसरं. तिसऱ्याला कमी. बाई हलक्या हातानं पिळत होत्या, पिळलेलं पाणी उजेडात धरून बघत होत्या. चौथं पाणी उतरलं. त्यांनी हातमोजा काढला, चिमूटभर लगदा रेघा नसलेल्या अंगठ्याखाली घेतला आणि चोळला.

"किती?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

बाईंचा डावा हात नळावर होता. तो शिवशिवत होता. पाचवं सोडून टाकावं, काय बिघडतं? आणि सात तर आपलं नावच आहे. सात झाली की जिवाला स्वस्थता येईल, ही जुनी सवय हाताला धरून ओढत होती. नव्या पट्ट्यांची डबी शेजारीच होती. डॉक्टरीणबाईनं ती उचलली नाही.

"चार," बाई म्हणाल्या.

"पट्टी बुडवू?"

"बुडवा. पण आधी लिहा."

डॉक्टरीणबाईनं चार लिहिलं आणि वही पुढे केली. बाईंनी ओल्या हातानं सही केली, तिच्याखाली डॉक्टरीणबाईनं केली. मग पट्टी बुडवली. बाई तिच्याकडे बघायला थांबल्या नाहीत. त्यांनी नळ घट्ट बंद केला, हौदाजवळचं स्टूल पायानं ओढलं आणि त्यावर बसल्या.